कॅलेंडरावरची सुई

आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले, महिन्याभरानं जवळचा नवा चष्मा आला आणि त्याच दुपारी तिनं सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला. मी सपरीत भाजी निवडत होते. तिनं सुई उजेडाकडे धरली आणि मला हाक मारली, "पाह्य वं, सुईचं नाक दिसून राह्यलं मले." पुस्तकात त्याला नेढं म्हणतात, आमच्याकडे नाकच. गेली चार-पाच वर्षं ती ओवायला म्हणून सुई-दोरा घेऊन माझ्या नाहीतर शेजारच्या पोरीच्या मागे फिरायची. पुन्हा पुन्हा कुणाला सांगायला नको म्हणून दोरा वावभर लांब घ्यायची, आणि लांब दोऱ्याचा गुंता ठरलेला.

आता तिला कुणाची गरज उरली नाही आणि आठवड्याभरात घरात फाटकंही काही उरलं नाही. उशांचे अभ्रे झाले, यांच्या बनियनी झाल्या, पडद्याची उसवलेली पट्टी झाली. गव्हाच्या कट्ट्याला उंदरानं पाडलेलं भोक तिनं ठिगळ लावून बुजवलं. मग चांगलं धड असलेलंही शिवायला निघालं. माझ्या एका झोळीला तिनं काही कारण नसताना दुहेरी टीप घातली आहे. ती झोळी आता माझ्यानंतरही टिकेल.

शिवण्याला माझी ना नव्हती. पण शिवून झालं की सुई कुठे जाते, हा प्रश्न होता. आई जिथे बसलेली असेल तिथे जवळपास ती टोचून ठेवायची. गादीच्या कडेला, खुर्चीच्या हातावर, स्वतःच्या पदराला आणि सगळ्यात जास्त भिंतीवरच्या कॅलेंडराला. कॅलेंडराची पानं एकावर एक असल्यामुळे सुई त्यात ताठ राहते आणि दोरा शेपटीसारखा खाली लोंबतो. आमच्याकडच्या कार्तिकी एकादशीला भोक आहे. सिलिंडर आल्याची तारीख मी पेनानं गोल करून ठेवते, त्या गोलातही तीन भोकं आहेत.

दिवाळीला लेक आली. सोबत दहा महिन्यांची नात. ती रांगत होती, आणि रांगताना जे दिसेल ते उचलून आधी तोंडात, मग विचार. त्यात कापूस घरात आलेला. वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा निघाला होता आणि भाव बरा येईपर्यंत म्हणून समोरच्या खोलीत गंजी लावली होती. कापूसवाल्या गावांत हे घरोघरी असतं. पाहुण्याला बसायला जागा नसते आणि पोरांना लोळायला गादी मिळते. नातीला ती गंजी फार आवडली. आई तिच्याशी खेळत खेळत गंजीला टेकून बसायची आणि बसल्या बसल्या काहीतरी शिवायची.

एका संध्याकाळी मी घरभर फिरून सुया गोळा केल्या. चार सापडल्या. आईला विचारलं, किती होत्या?

"असतीन सहा."

"सहा की असतील?"

"काय वं बाप्पा, सुया काय मोजून ठेवत असते कोनी?"

हे तिनं म्हटलं आणि आम्ही दोघीही एकदम गप्प झालो. सुया मोजून ठेवणारी एक बाई आम्हा दोघींच्याही ओळखीची होती.

*

ती माझी आजी, म्हणजे आईची सासू. माहेर माझं वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीकडचं. त्या भागातले बैल म्हणजे गवळाऊ. पांढरे, अंगानं सडपातळ, लांब पायांचे, दमणीला जुंपले की पळणारे. घोडा मागे राहील असं आजोबा म्हणायचे. आमच्याकडे त्यांची जोडी होती. मी तिसरीत होते त्या वर्षी, पेरण्या उरकल्यावर, जोडीतल्या उजव्या बैलानं वैरण सोडली. आधी वाटलं, उन्हाचं आहे, ओलं गवत खाल्लंय. आजोबांनी ओवा-हिंग दिलं. पण तो रवंथही करेना. पाठ कमानीसारखी वर, पुढचे पाय कोपरात बाहेर फेकलेले, आणि नाल्याच्या उतारावर यायला तयार नाही. चढ चढायचा, उतरताना मात्र कण्हायचा. आठ-दहा दिवसांत गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरलं.

जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. त्यांनी बैलाच्या छातीखाली मूठ दाबली, बैल कण्हला. मग दोघांनी धरून पाठीवर खांद्याजवळ चिमटा घेतला. धड जनावर चिमटा घेतला की पाठ खाली वाकवतं, हा वाकवेना. डॉक्टरांनी आजोबांना सपरीत बसवून समजावलं आणि मी खांबाआडून ऐकलं. नंतर शाळेत शिकवायला लागल्यावर मी तेच चौथीच्या पोरांना सांगत आले. गाय-बैल चावून गिळत नाहीत. आधी भराभर गिळतात आणि मग निवांत रवंथ करतात. कुटारात, म्हणजे भुशात, तार असो, खिळा असो, सुई असो, तोंडाला कळत नाही, पोटात जाते. पोटाचे चार कप्पे. लोखंड जड म्हणून ते दुसऱ्या कप्प्यात, जाळीत जाऊन पडतं. ती जाळी मधाच्या पोळ्यासारखी असते. जाळी आवळली की टोकदार वस्तू पुढे सरकते. पुढे पातळ पडदा आणि पडद्यापलीकडे लगेच काळीज. बोटभर अंतर.

"घरात सुई-बिई हरवली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

हल्ली जनावराच्या पोटात लोहचुंबक सोडतात. लोखंड त्याला चिकटून तिथेच राहतं. तेव्हा आमच्याकडे ते नव्हतं, असतं तरी उशीर झालेला होता. बैल पाचव्या दिवशी गेला. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खड्डा खणून पुरला. कुणी पोट फाडून पाहिलं नाही. त्यामुळे आत काय होतं, सुई की गाडीच्या साटीची तार की आणखी काही, ते मातीसोबत गेलं.

पण डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर घरात होतं. वैशाखात आमच्या अंगणात गोधड्या भरल्या होत्या. गोधडी भरायला बायका बसतात तेव्हा अंगणात चटई, चटईवर जुनं लुगडं ताणलेलं, त्यावर धडुत्यांचे थर, आणि चार बाजूंनी चार जणी धावदोरा घालत मधल्या भागाकडे सरकतात. चिंध्या उरतात, दोऱ्याची टोकं उरतात. शेवटी सगळं झाडून गोठ्याकडच्या कोपऱ्यात जातं, आणि त्या कोपऱ्यातच कुटाराचं ढोलं. त्या दिवशी एक सुई मोजणीत कमी आली होती. शोधली, मिळाली नाही, आणि विसरली.

"माहीच गेली होती," आजी दारातून म्हणाली. डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिले. आजोबा पाहत नव्हते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं शेकतात आणि त्यांना आवतण देतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या वर्षी आजोबांनी हे एकाच बैलाला म्हटलं. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या होत्या, आमचा एकटा होता, शेजारी जागा सोडून. ती जागा आजोबांनी मुद्दाम सोडली की बैलाला सवयीनं तेवढी लागत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

पोळा झाल्यावर आजीनं सुयांचं घर शिवलं. आमच्याकडे त्याला तेवढंच म्हणायचे. डबी नाही, बटवा नाही, सुयांचं घर.

ते आईच्या पेटीत अजून आहे. या दिवाळीत मी ते काढून मागितलं. मिटवलं तर पोथीएवढं, उघडलं तर दोन पानं. बाहेरून आजीच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, आता त्याचा रंग वाळलेल्या कढीपत्त्यासारखा झालाय. आतून मांजरपाट. मधल्या घडीत घोंगडीचा चौकोनी तुकडा, एका बाजूनं शिवलेला, पुस्तकाच्या पानासारखा उलटणारा. त्या घोंगडीवर लाल दोऱ्यानं घातलेल्या खुणा. एक टाका, मग दोन टाके, मग तीन, असे सहापर्यंत. प्रत्येक खुणेसमोर एकाच सुईची जागा. पहिली जागा दाभणाची. मग गोधडीची सुई, लुगड्याची, काजाची आणि पोत ओवायची बारीक. आजीला सुईचे नंबर ठाऊक नव्हते. नंबर तसे फसवेच आहेत. हातसुईचा नंबर वाढत जातो तशी सुई बारीक होते, आणि मशीनच्या सुईचा नंबर वाढला की ती जाड होते. चौदा नंबर मागायला जाऊन मी दुकानदाराशी एकदा वाद घातलाय. आजीची नावं बरी होती. सुई कुठल्या कामाची ते नावातच.

रोज दिवे लागायच्या आधी ती हे घर उघडायची आणि खुणांवरून बोट फिरवायची. दिवेलागणीनंतर सुई हातात घ्यायची नाही, कुणाला द्यायची नाही, दुकानातून आणायची तर नाहीच. सुई कधी हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, समोरच्यानं उचलायची, नाहीतर भांडण होतं. अंगावर घातलेलं कापड शिवायचं तर तोंडात काडी धरायची. मोठी झाल्यावर या सगळ्याला मी हसले. सुई हातातून हातात देताना टोचते, अंधारात हरवते, अंगावरचं शिवताना पोटात शिरते, एवढा साधा हिशेब कळायला मला चाळिशी यावी लागली. काडीचं मात्र अजूनही कळलेलं नाही.

*

लेक म्हणाली, आई, ऑनलाइन मागव ना, चुंबकाची डबी मिळते. चांगली मिळते, मला माहीत आहे. पण चुंबकाच्या डबीत सुया एकमेकींना चिकटून झुंबड करून बसतात. पाच आहेत की सहा, ते उचलल्याशिवाय कळत नाही. प्लास्टिकच्या नळीचंही तेच. वाजवून पाहा, वाजतं म्हणजे आहेत, किती ते देव जाणे. मला जागा ठरलेली पाहिजे होती. एक गेली की तिथलं भोक दिसलं पाहिजे.

म्हणून मी शिवायला बसले. मशीन आहे घरात, पण एवढंसं काम मशीनवर घेतलं की कोपरे बसत नाहीत. हातशिलाईच.

बाहेरच्या कापडासाठी आईनं तिच्या लग्नातली करवतकाठी काढून दिली. टसरची, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेली. घडीवर चिरत चालली होती, नेसायच्या कामाची राहिली नव्हती. काठ अजून ताठ होता. मी हौसेनं नऊ बाय पाच इंच काठासकट कापला आणि कापताक्षणी कडेचे दसे निघायला लागले. टसर कापल्या कापल्या कडेनं उलगडतं. धागा धरून ओढला तर सगळी वीण हातात येते. तास गेला. करवतीचे दोन दात गेले. मग कडेला पातळ खळ लावली, वाळवली, आणि तेव्हा कुठे ते कापड माझं ऐकायला लागलं. आई पाहत होती. म्हणाली, "आंधी खळ लावाची, मंग कैची." आधी का नाही सांगितलं, विचारलं तर म्हणे, तू मास्तरीण, तुले मी काय सांगू.

आतल्या बाजूला वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून आणलेल्या खादीचा तुकडा होता, गेरूच्या रंगाचा. हे संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हातून सुरू झालं. आमच्या शाळेची सहल दर दोन-तीन वर्षांनी तिथे जायची आणि मी दर सहलीत एखादा मीटर आणायचे. खादीचा एक गुण असा की तिला सुई लागत नाही, सुई तिच्यातून आपसूक जाते. हातानं कातलेल्या सुतात थोडी ढिलाई असते. आमच्या वावरात एवढी पऱ्हाटी, पण आमच्या कापसाचं कापड आमच्या अंगावर कधी आलं असेल असं वाटत नाही. कापूस पुलगावला किंवा आर्वीला जिनिंगवर जातो, गाठी बांधून कुठे जातात ते आम्हाला कुणी सांगत नाही. लहानपणी पुलगावच्या मामाकडे गेलं की कापड गिरणीचा भोंगा ऐकू यायचा. आता तोही नाही.

दोन कापडांच्या मध्ये ताठपणासाठी बक्रम. ते शिंप्याकडून मागून आणलं, कॉलरचं उरलेलं. सुलट बाजू आत ठेवून तीन बाजू धावदोऱ्यानं शिवल्या, वर टीप मारली. चौथ्या बाजूला दोन बोटं जागा सोडली, कोपऱ्यांची टोकं तिरपी छाटली आणि त्या दोन बोटांच्या भोकातून सगळं उलटवलं. हा क्षण मला शिवणकामात सगळ्यात जास्त आवडतो. आतली गचाळ बाजू, दोऱ्यांची टोकं, खळीचे डाग, सगळं एका भोकातून आत जातं आणि करवतीचे दात बाहेर येतात. कोपरे मात्र बोथट राहतात. त्यांना आतून ढकलायला टोकदार काही घेतलं तर कापड फाटतं. मी तुराटीची काडी घेतली, टोक दगडावर घासून गोल केलं. आतून हळूहळू दाबत, दाबत, कोपरा नाकासारखा बाहेर आला.

आता लोकरीची पानं. सुई सुती कापडात का ठेवू नये, हे कापूसवाल्याला समजावावं लागत नाही. कापूस ओल धरतो. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतात. काटा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. त्या काट्याकडे आम्ही सगळे जसे पाहतो तसं मुलाच्या निकालाकडेही पाहिलेलं नाही. वरून कोरडा दिसणारा कापूस आत पाणी घेऊन बसलेला असतो. पावसाळाभर सुई त्यात टोचून ठेवा, पोळ्याला काढा, काळा डाग कापडावर आणि गंज सुईवर. गंजलेली सुई कापडातून जाताना कचकन अडते, धागा ओढते. आजी अशी सुई चुलीच्या राखेनं घासायची, आणि रोजच्या वापरात दोन-चार टाक्यांनंतर सुई केसांतून फिरवायची. खोबरेल लागलं की सुई सरकते आणि गंजतही नाही. माझ्या सगळ्या लहानपणात आजीच्या केसांतून सुई फिरवायची ती लकब आहे. डोकं थोडं कलतं, हात कानामागे जातो, डोळे कापडावरच.

घोंगडीला तेल मुळातच असतं. मेंढीच्या लोकरीतला तेलकटपणा जाडीभरडी घोंगडी विणताना सगळा धुतला जात नाही, म्हणून तर पावसाचं पाणी तिच्यावरून बराच वेळ ओघळत राहतं, आणि म्हणूनच ओली झाली की मेंढरांचा वास सुटतो. आमच्या गड्याकडे फाटकी घोंगडी होती, तिचा वीतभर तुकडा मागून आणला. दोनदा उन्हात टाकला, झटकला, तरी हातात घेतला की रानात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. चार बाय चार इंच कापला. कडेला काजासारखा टाका घातला, नाहीतर घोंगडीही उसवते. टाका घालताना दर खेपेला दोऱ्याचा फास सुईखाली ठेवायचा, ओढायचा, पुढे जायचं. सोळा इंचांच्या कडेला माझे बहात्तर टाके झाले. मोजायची सवय तिथूनच लागली बहुतेक.

दाभण त्यात छान बसलं. गोधडीची सुई बसली. पोत ओवायची बारीक सुई मात्र टोचली की अलगद खाली घसरून घडीत पडायची. घोंगडीची वीण तिच्यासाठी खिडकीसारखी होती. म्हणजे ज्या सुईची सगळ्यात जास्त भीती, तीच हरवायची. आजीच्या घोंगडीत ती कशी राहायची, ते जुनं घर उजेडात धरलं तेव्हा कळलं. तिनं बारीक सुयांच्या जागेवर मागून लोकरीचाच जुना मफलर दुमडून लावला होता. मला ते इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

लोकरीचा मफलर आता कुणाकडे आहे? कपाटातले सगळे स्वेटर काढले. हातानं कळेना म्हणून प्रत्येकाचा एकेक धागा काढून पेटवला. चारांचे धागे वितळून कडक मणी झाले, म्हणजे प्लास्टिकचे भाऊ. एकाचा मात्र केस जळल्यासारखा वास आला आणि बोटात चुरून राख झाली. तो यांचा, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातला. मीच विणलेला, आणि मीच एकदा उकळत्या पाण्यात साबणासोबत घासून टाकलेला. तो आकसून शाळकरी पोराच्या मापाचा झाला होता, वीण दिसेनाशी होऊन जाड नमदा झाला होता. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाण्यात रगडलं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. तीस वर्षं तो स्वेटर माझ्या मूर्खपणाचा पुरावा म्हणून कपाटात होता. बाही कापली, दुसरं पान झालं. बारीक सुई त्यात अशी रुतली की काढायला नखं लावावी लागली. नमद्याला कडेनं टाका घालायचीही गरज नाही.

मी स्वेटर कापताना हे पाहत होते. काही बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, तो मला अजून आला असता.

*

खुणा घालायच्या वेळी आई शेजारी येऊन बसली. मी लाल दोऱ्यानं एक, दोन, तीन असे टाके घालत गेले. पाच जागा झाल्यावर गाठ मारायला लागले तर तिनं जुनं घर समोर ठेवलं. "बुढीनं सहा केल्या."

हे मला लहानपणापासून छळलेलं कोडं होतं. खुणा सहा, सुया पाच. सहाव्या जागेवर कधी सुई पाहिली नाही. मला वाटायचं, ती बैलाच्या पोटातली. आजीची हरवलेली. पोरं अशा गोष्टी विचारत नाहीत.

"थे बुढीची नव्हतीच," आई म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. खादीवरचा एक दसा ती बोटांनी ओढत होती. "बुढीच्या पाचही होत्या. तिनं त्याच दिशी मोजल्या होत्या. माही गेली होती. मी मायेरून आनली होती एक, सोन्याच्या नाकाची."

काही सुयांना नेढ्याच्या बाजूला सोनेरी मुलामा असतो, त्या. आईचं लग्न होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. तीन पोरी, मुलगा नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती चुलीपाशी होती आणि तिनं ऐकलं होतं. उठायला गेली तर आजी आधीच दारात पोहोचली होती.

"मंग तू सांगतलं नाही?"

"कोनाले? थे बोलून मोकळी झाली. आबाजी वर्षभर तिच्याशी धड बोलले नाही. मले कसे बोलले असते, तू पाह्य."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आन् सुईच होती काहून म्हनतं? बैल काहीबी खाते. साटीची तार तुटली होती त्या साली."

मी सहावी खूण घातली. सहा टाके एका रांगेत, बारीक. मग पाठीवर एक नाडी लावली, दोनदा गुंडाळून बांधता येईल अशी. टिचबटण लावणार होते, पण त्याची वरची टोपी निघून नातीच्या हाती लागेल म्हणून नाही लावलं.

कीर्तनात दरवर्षी एकदा तरी सुई येते. दुर्योधन म्हणतो, सुईच्या अग्रावर मावेल एवढी जमीनही पांडवांना देणार नाही. आमच्या गावात हे ऐकताना सगळे मान डोलावतात आणि सकाळी उठून धुऱ्यावरच्या वितभर जागेसाठी तलाठ्याकडे जातात. मी तेव्हा नेहमी सुईचाच विचार करायचे, जमिनीचा नाही. आता कीर्तनात बसले की आजी दिसते, गोठ्याकडच्या दारात उभी, एका हातानं चौकट धरलेली.

*

दिवाळीत हरवलेल्या दोन सुयांपैकी एक कापसाच्या गंजीखाली चटईला टोचलेली सापडली. दुसरी सापडली नाही. ती कापसातच गेली असेल या धास्तीनं आम्ही सगळी गंजी मुठीमुठीनं चाळली. दोन दिवस गेले, चार जणी लागल्या. लोखंडाचा तुकडा कापसासोबत जिनिंगला गेला तर दात्यांवर घासून ठिणगी पडते, आणि कापसाला ठिणगी पुरते. गंजीत काही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी लेक परत जायला निघाली, बॅग भरताना नातीच्या दुपट्याच्या घडीत सुई लखलखली. आईनं त्या दुपट्याला नवी किनार लावली होती आणि कौतुकानं घडी करून ठेवलं होतं. लेकीचा चेहरा पांढराफटक. आईनं सुई काढून घेतली, केसांतून फिरवली आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. मी उचलली.

आता सहाही जागा भरलेल्या आहेत. आईला मी घर दाखवलं, नाडी बांधून दाखवली, रोज संध्याकाळी इथे ठेवायची म्हणून बजावलं. तिनं करवतकाठीवरून हात फिरवला. छान झालं म्हणाली. तीन दिवस पाळलं. चौथ्या दिवशी पाहते तर लुगड्याची सुई कॅलेंडरावर, पौर्णिमेच्या चौकोनात, लाल दोरा लोंबतोय. मी काढून जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

"तिथं लवकर सापडते वं," म्हणाली.

नव्या वर्षाचं कॅलेंडर आणलं तेव्हा मी ते मुद्दाम वर टांगलं, नातीचा हात पुढच्या दिवाळीतही पोहोचणार नाही एवढं. आई स्टुलावर न चढता पोहोचेल एवढं खाली. दिवे लावायच्या आधी मी नाडी सोडते आणि खुणांवरून बोट फिरवते. घरात पाच, कॅलेंडरावर एक.